हाडांतलं शिसं

ता. ९ फेब्रुवारी

चि. कुंभकर्णास आणि चि. सौ. मैनेस,

अ. उ. आ. आणि पत्राला एवढा उशीर केल्याबद्दल एकेक धपाटाही.

मैने, तुझं पत्र पोचलं. धाकट्याला झोप येत नाही हे वाचलं आणि मी हातातलं कापड बाजूला ठेवून पोट धरधरून हसले. ह्यांना वाचून दाखवलं तर हेही हसले. अरे, तुला झोप येत नाही? शेजारच्या घराला आग लागली, बंब घणघणत आले, सगळी गल्ली रस्त्यावर उभी राहिली, आणि तुला गादीसकट उचलून बाहेर आणलं तरी कूस बदलून पुन्हा घोरायला लागलास तो तूच ना? आईनं तुला कुंभकर्ण म्हणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. शाळेच्या बाकावर झोपलास, न्हाव्याच्या खुर्चीत झोपलास. तुझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुझे डोळे मिटलेले आहेत.

वय झालं की झोप उडतेच, पण तुझं वय ते काय! चहा कमी कर, कोमट पाण्यात पाय बुडवून बस, निजताना कपभर दूध घे. आणि बायकोकडून पत्रं लिहवून घेऊ नकोस, स्वतःच्या हातानं लिही.

इकडे ठीक आहे. माझ्या शिवणवर्गात यंदा मुली दुप्पट आणि मशिनी तेवढ्याच, त्यामुळे रोज भांडणं. ह्यांना बसचा नवा मार्ग दिला आहे. दिवसभर तिकिटं फाडून येतात आणि असे घोरतात की भिंतीचे पोपडे पडतात. हवी तर थोडी झोप पाठवून देते. माझे गुडघे आहेत तसेच, म्हणजे माझ्याआधी बोलतात.

मैने, पत्राच्या शेवटी दोन ओळी लिहून गिरगटून टाकल्या आहेस. काय होतं ते?

माया आहे तेवढीच राहू द्या, पत्रं मात्र वाढवा.

तुमची,
ताई


ता. २ मार्च

ती. सौ. ताईंना,

शि. सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ अजून चोळतेय.

तुम्ही हसलात ते बरं केलंत, कुणीतरी हसायला हवं. पण ताई, आता हसू नका. अंथरुणावर पडतात तेव्हा तुमच्या बंधुराजांचे डोळे जड झालेले असतात, जांभयांवर जांभया चालू असतात. दिवा मालवला की पाय वळवळायला लागतात. पोटात पिळा पडतो. जरा डोळा लागतोय असं वाटलं की अंग दचकतं, जिन्यावरून कुणी ढकलल्यासारखं. मी हात लावला तर खेकसतात. आणि दिवसा जेवायला बसले की घास हातात राहतो आणि मान छातीवर. परवा माझा चमचा बशीवर वाजला म्हणून ताट भिरकावलं. ज्या माणसानं कधी कुत्र्याला हाड म्हटलं नाही त्यानं! नंतर स्वतःच तुकडे गोळा करत बसले आणि रडले.

तुम्ही भट्टी पाहिलेली नाही म्हणून सांगते. गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या इथे येतात. त्या फोडून आतलं शिसं काढतात आणि वितळवतात. यांचं काम कढईवर. वितळलेल्या शिशावर मळी धरते ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं ओढून काढायची. तो धूर, ती राख अंगावर बसते, कपड्यांतून घरी येते. मी यांचे कपडे वेगळे धुते, तरी दोरीवरच्या चादरीवरून बोट फिरवलं तर बोट करडं होतं.

माझे वडीलही याच कढईवर होते. त्यांनीच लग्नानंतर यांना तिथे चिकटवलं. आमच्या गल्लीत कुणाचाच बाप झोपायचा नाही. मला लहानपणी वाटायचं की बाप म्हणजे येरझाऱ्या घालणारा माणूस. लग्नानंतर तुमच्या भावाला पहिल्यांदा ढाराढूर झोपलेलं पाहिलं तेव्हा मी घाबरून नाकाशी बोट धरलं होतं.

कारखान्याचा डॉक्टर अधूनमधून रक्त तपासतो. शिशाचा आकडा वर गेला की माणसाला आवार झाडायला लावतात, आकडा उतरला की पुन्हा कढईवर चढवतात. उपचार माणसावर नाहीत, आकड्यावर आहेत.

जे खोडलं होतं ते आता सरळ लिहिते. मला दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी. तुम्हालाच सांगतेय, यांच्याशिवाय अजून कुणालाच नाही.

आशीर्वादाची ओंजळ रिकामी करू नका.

तुमची,
मैना


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास आणि चि. सौ. मैनेस,

अ. उ. आ., या वेळी तिघांना.

पत्र वाचलं आणि आधी नाचले, मग खाली बसले. मैने, तुला हवं ते खा, नको ते उचलू नकोस. भट्टीचे कपडे तर अजिबात धुवायचे नाहीत. त्याला हात आहेत ना?

धाकट्या, आता तुझ्याशी बोलते. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या की शिसं रक्तातून मेंदूत जातं आणि झोपेची घडी विसकटून टाकतं. माणूस थकतो पण झोपत नाही, आणि झोपलाच तर नको तिथे झोपतो. पोटातला पिळा, चिडचिड, सगळं त्याचंच. मी विचारलं की औषध काय, तर त्या म्हणाल्या की पहिलं औषध म्हणजे तिथून उठणं. मी हसल्याचं मला फार लागलं रे.

तर उठ. माझी शाळेतली मैत्रीण, ती डोंगरावरच्या गावात रोपवाटिका चालवते ती, तिला माणूस हवाच आहे. रोपं लावायची, पाणी घालायचं, काचेच्या घराच्या खिडक्या उघडायच्या आणि मिटायच्या. राहायला खोली आहे. मी तिला शब्द दिलेला नाही, पण विषय काढून ठेवला आहे.

उलट टपाली हो म्हणून कळव. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.

तुझा राग आला तरी जीव तुटतोच, असं समजून वागावं.

ताई


ता. ६ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अक्षराला हसू नकोस. लेखणी धरली की मनगट ऐकत नाही. मैना म्हणते की कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं दिसतं.

तू विचारतेस, उठत का नाहीस. ताई, मला दुसरं येतं काय? कढईचा रंग बघून मी सांगतो की शिसं तयार आहे की नाही. रोपाकडे बघून मला काय कळणार? इथे माझ्या पाळीवर लंबू आहे. साखळीनं बादली ओढतो. आम्ही एकाच दिवशी लागलो. तोही झोपत नाही. पहाटे दोघं फाटकाशी भेटतो आणि एकमेकांना विचारतो, काय, आली होती का? मग तो म्हणतो, आली होती, पण घरी कुणी नाही असं समजून गेली. झोप दारापर्यंत येते ताई, चप्पल न काढताच परत फिरते. पडून राहतो. डोक्यात काही चालू नसतं, चिंता नसते, तरी आत कुणीतरी टक्क जागं बसलेलं असतं. आणि दुपारी कढईच्या उबेत उभ्या उभ्या डोळे मिटतात. त्याची भीती वाटते.

मूल झालं की बघू. एवढा हंगाम जाऊ दे. मैनेसमोर रोपवाटिकेचं नाव पुन्हा काढू नकोस, ती लगेच बोचकी बांधेल.

भावोजींना नमस्कार. थोडी झोप पाठवते म्हणालीस, ती टपालात हरवली बहुतेक.

रागावून का होईना, आठवण असू दे.

तुझा,
धाकटा


ता. १९ मे

ती. सौ. ताईंना,

शि. सा. न. वि. वि. आज विशेष आहे ते वाईट आहे. आधी सांगते, यांना काही झालेलं नाही.

गेल्या मंगळवारी दुपारच्या पाळीत हे कढईपाशी उभे होते. हातात झारा होता. डोळा लागला. लंबूभावोजींना समोरून दिसलं की हे पुढे झुकतायत, ते कढईवरच. त्यांनी हातातली साखळी सोडली आणि धावत येऊन यांना मागं खेचलं. साखळी सुटली तशी बादली कलंडली आणि शिसं त्यांच्या पायावर आलं. बुटात शिरलं ताई. तिथेच थिजलं. बूट कापून काढावा लागला.

पाऊल जाईल असं इस्पितळात म्हणतात. साहेबांनी कागदावर लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. कुठल्या कामगाराचा तेही लिहिलं नाही. हे लंबूभावोजींच्या खाटेशी जाऊन बसतात. त्यांची बायको मला म्हणाली की यांना येऊ नका म्हणून सांगा, ते आले की माझा माणूस बरा असल्याचं सोंग करतो आणि मग ताप चढतो. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

काल हे घरी आले आणि म्हणाले की बोचकी बांध. तुमच्या मैत्रिणीनं अजून माणूस ठेवला नसला तर आम्ही येतो.

पाठीवर हात राहू द्या.

मैना


ता. २६ मे

चि. सौ. मैनेस,

अ. उ. आ. लांबण लावत नाही. तिनं माणूस ठेवलेला नाही, तुमची वाट बघतेय. भट्टीवरचा एकही कपडा सोबत घेऊ नका, बूट नको, गादी नको, सतरंजीही नको. दोघांना नवे कपडे मी शिवून पाठवतेय. मापं आठवणीतली आहेत, सैल झाले तर आत घ्या. बाळाचीही दोन झबली आहेत.

लंबूच्या बायकोला मी स्वतः लिहिते. काय लिहावं ते अजून कळत नाही.

निघा. माया मागून येतेच आहे.

ताई


ता. २० जुलै

ती. सौ. ताईंना,

शि. सा. न. वि. वि.

आधी गोड सांगते. खोली छोटी आहे पण खिडकी मोठी. चादर वाळत घातली की पांढरीच्या पांढरी आत येते. मला अजून सवय झाली नाही, बोट फिरवून बघते. यांना काचेच्या घरात रोपं वेगळी करायचं काम दिलंय. हात थरथरतात म्हणून सुरुवातीला बरीच मोडली. तुमच्या मैत्रिणीनं फक्त एवढंच सुचवलं की झाऱ्यासारखं नाही, चिमटीनं धरायचं. मागच्या रविवारी हे दुपारी भिंतीला टेकून झोपले, अगदी तोंड उघडं टाकून. मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

इथल्या इस्पितळात यांचं रक्त तपासलं, आकडा उतरलाय. डॉक्टर म्हणाले की बाळंतपण जवळ आलंय तर तुमचंही तपासू.

ताई, माझा आकडा चढलाय. निघण्याआधी तिथल्या इस्पितळात तपासला होता त्याच्याहून जास्त.

मी त्यांना सांगितलं की मी तर आता धुरात नाही. मार्चपासून यांचे कपडेही धुतले नव्हते. त्यांनी विचारलं की जन्म कुठला. मी सांगितलं, भट्टीच्या मागची गल्ली. मग त्यांनी सावकाश समजावलं. लहानपणापासून जे शिसं अंगात गेलं ते हाडांत जाऊन बसलं. हाडांना चुना कुठला आणि शिसं कुठलं ते ओळखता येत नाही. दोन्ही सारखंच सांभाळून ठेवतात. आता बाळाला हाडं करायला चुना हवा आहे, म्हणून माझी हाडं आपलं कोठार उघडून देतायत. त्यातून तेही जातंय. मी झोपले असले तरी जातंय.

मी विचारलं की थांबवता येईल का. ते म्हणाले की कमी करता येईल. गोळ्या दिल्यात, दूध भरपूर प्यायला सांगितलंय.

यांना सांगू नका. रविवारची ती एक झोप आहे, ती मोडायची नाही मला.

तुमचीच म्हणवून घेणारी,
मैना


ता. १ ऑगस्ट

चि. सौ. मैनेस,

अ. उ. आ. ते या वेळी कमी पडतायत असं वाटतं.

तुझं पत्र घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. इथल्या तरी वेगळं सांगतील अशी आशा होती. त्यांनी तेच सांगितलं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, पोरीनं पळून जाऊन जीव वाचवला, आता तिच्या हाडांपासून ती कुठे पळणार? त्या म्हणाल्या की ओरडा, मलाही असंच वाटतं.

गोळ्या चुकवू नकोस. दूध नको झालं तरी नाक धरून पी. दही, अंडी, पालेभाजी, जे गळ्याखाली उतरेल ते घे. काही बाळांचं छान होतं असंही त्या म्हणाल्या. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं आहे, तूही धर.

धाकट्याला मी काही लिहिलेलं नाही. पण मैने, एकटीनं पोटात किती ठेवशील? एक तर तिथे आधीच आहे.

लंबूचं पाऊल काढलं. त्याला फाटकावर बसवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. त्याच्या बायकोचं दोन ओळींचं उत्तर आलं. तिनं तुझी चौकशी केली आहे.

हे म्हणतात की रडून अक्षरं भिजवू नकोस, टपालवाल्याला वाचायला त्रास होतो. असली थट्टा करून स्वतः बाहेर जाऊन उभे राहिलेत.

आहे तो सगळा जीव तुझ्याकडे.

ताई


ता. ५ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तार मिळाली असेल. मुलगी. वेळेआधी आली, म्हणून किरकोळ आहे. चिंगी म्हणतो. नाक तुझं आहे, त्यामुळे पुढे बोलेल खूप.

मैनेनं मला सांगितलं. जुलैपासून ती एकटी ते घेऊन बसली होती, आणि मी मात्र तिला रोज माझ्या झोपेचा हिशेब ऐकवत होतो. ताई, माझ्या अंगातून ते गेलं म्हणतात, रक्तात आता थोडंच आहे. मी डॉक्टरांना विचारलं, मग झोप का परत येत नाही? रविवारची ती एक आली, मग पुन्हा नाही. ते म्हणाले की पाणी ओसरलं म्हणून भिजलेली भिंत पुन्हा कोरी होत नाही. काहींची सुधारते, काहींची नाही. वाट बघा.

चिंगी झोपत नाही. सगळी बाळं रडतात म्हणशील, माहीत आहे. ही रडत नाही. डोळे उघडे ठेवून पडते आणि मिटले की हात फेकून दचकते. मी ते दचकणं ओळखतो. माझंच आहे ते. पाळणा हलवता हलवता आम्ही एकमेकांकडे बघत बसतो. मैना थकून निजलेली असते. तिच्या वडिलांबद्दल ती बोलते ना, बाप म्हणजे जागा माणूस. मुलगीही तीच गोष्ट शिकणार आता.

तिच्या रक्तातही आहे. किती ते लिहीत नाही. आकड्यांचा मला कंटाळा आला.

तू ये. जमेल तेव्हा ये.

तुझी माया आहे म्हणून लेखणी धरतो, नाहीतर धरवत नाही.

धाकटा


ता. १८ फेब्रुवारी

चि. सौ. मैनेस,

अ. उ. आ. सुखरूप पोचले. गुडघ्यांनी वाटेत सगळ्या डब्याशी ओळख करून घेतली.

तुमच्याकडून आले आणि शिवणवर्गात जाऊन बसले, पण सुई ओवता येईना. चिंगी गोड आहे. बोट धरलं की सोडत नाही. पण मैने, खुळखुळा वाजवला तर मान वळवायला तिला वेळ लागतो, आणि वळवली की पुन्हा कुठंतरी बघत राहते. हे मी तुझ्यासमोर बोलले नाही. तुला दिसतंच आहे हेही मला दिसलं. दवाखान्याच्या तारखा सोडू नकोस. लवकर शिकवलं, बोललं, हाताळलं की अशा मुलांना फायदा होतो असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

धाकट्याचं मला जास्त भय वाटलं. मी असताना तो हसत होता, पण रोपं लावताना त्याचं मनगट खाली पडतं ते तो पँटवर हात पुसल्यासारखं करून लपवतो. माझी मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली की त्यानं परवा चिडून रोपांचा अख्खा ट्रे आपटला, आणि मग सावरून ठेवू गेला तर उचलता येईना. ती अजून काही बोलली नाही, पण बोलेल. तिचंही पोट त्याच रोपांवर आहे.

काही झालं तरी माझं घर आहे. अडीच माणसांना आणि दीड माणसालाही पुरेल.

लोभ कमी होणार नाही, तुम्ही अंतर वाढवू नका.

ताई


ता. ९ मे

ती. सौ. ताईंना,

शि. सा. न. वि. वि.

हे गेले. घाबरू नका, भट्टीवर गेले. घाबरू नका असं लिहिलं खरं, पण दुसरा शब्द सुचत नाही.

तुमच्या मैत्रिणीनं फार गोडीनं सांगितलं की आता जमणार नाही. खोलीत हवं तोवर राहा म्हणाली. यांनी गावात सगळीकडे विचारून पाहिलं. हात थरथरणारा आणि बसल्या जागी पेंगणारा माणूस कोण ठेवणार? भट्टीवाल्यांनी मात्र लगेच ठेवला. तिथे सगळेच तसे आहेत. लंबूभावोजींचा धाकटा भाऊ कढईवर होता, त्याचा आकडा चढला म्हणून त्याला झाडलोटीला घातलंय. यांना त्याच्या जागी.

मी दार अडवून उभी राहिले ताई. पाया पडले. म्हटलं, तुम्ही मरायला चालला आहात. ते म्हणाले की मला जे व्हायचं ते होऊन गेलं, भिजलेल्याला पावसाचं काय भय? चिंगीचे दवाखाने आहेत, शिकवणारी बाई लावायची आहे. ते कामगारांच्या खोल्यांत राहणार. आम्ही तिकडे फिरकायचं नाही, आणि तेही इकडे येणार नाहीत, कपड्यांतून काही येईल म्हणून.

परवा चिंगीला नेलं तेव्हा मी डॉक्टरांना एकच विचारलं. ही मोठी होईल, हिला मूल होईल, तेव्हा हिची हाडंही असंच करतील का? ते फाइलमध्ये बघत राहिले. मग म्हणाले की तोवर पुष्कळ वर्षं आहेत. म्हणजे हो.

मी तुमच्याकडे येते. महिनाअखेरीला निघेन. गाडी भट्टीच्या गावावरून जाते, तिथे थोडा वेळ थांबते. यांना कळवलंय की अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत फलाटावर या, खिडकीतून चिंगीला बघा. एवढ्यानं काही होत नाही.

दार उघडं ठेवा.

मैना


ता. ३ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. दोघी सुखरूप पोचल्याचं भावोजींचं कार्ड आलं. जीव भांड्यात पडला.

मैना तुला म्हणाली असेल की मी स्टेशनवर आलो नाही. ताई, मी आलो होतो. पाळी बदलून घेतली. दोनदा अंघोळ केली, लंबूच्या बायकोनं धुतलेला सदरा दिला. तिनंच नखं कापली, माझ्या हातानं होत नाही. लंबू कुबडी घेऊन सोबत आला. गाडी लागली तेव्हा आम्ही पाण्याच्या नळामागं होतो.

मैना खिडकीत होती. फलाटाच्या दोन्ही टोकांना बघत होती. चिंगी तिच्या खांद्यावर होती आणि झोपली होती. गाडीच्या हेलकाव्यानं असेल, पण झोपली होती. तोंड उघडं, हात लोंबत होता, आणि फेरीवाले ओरडत होते तरी हलत नव्हती. ती अशी झोपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी पुढे पाऊल टाकलं. मग नळावरच्या दिव्याच्या उजेडात माझे हात पाहिले. नखं कापली तरी कडेला करडी रेघ राहतेच, ती कातडीतच आहे. मी गेलो असतो तर मैनेनं तिला जागं करून माझ्याकडे दिलं असतं. दिलंच असतं, तू ओळखतेस तिला.

लंबू म्हणाला, जा. मी गेलो नाही. गाडी सुटली तेव्हा मैना उभी राहून बघत होती. मग गाडी वळली.

तुला एक काम. मैनेला सांग की मला सुट्टी मिळाली नाही, ऐन वेळी साहेबांनी कढईवर थांबवलं. तिला साहेबांचा राग येऊ दे. तो तिला पेलेल. मी इथे ठीक आहे. माझा आकडा चढतोय, पण आवार झाडायला अजून लावलेलं नाही.

चिंगी झोपली तर तिला कुणी उठवू नका. पाहुणे आले तरी नको.

आजवर प्रत्येक पत्रात तुझा लोभ मागत आलो. आता माझ्या वाट्याचा उरला असेल तो तिला दे.

तुझा,
धाकटा